हौद्यावरचं बिऱ्हाड

नगर जिल्ह्यात ‘कॅम्पर’ म्हटलं की लोकांना बोलेरो कॅम्पर आठवते. पुढे दोन रांगांत माणसं, मागे उघडा हौदा, आणि हौद्यात हंगामाप्रमाणे कांद्याच्या गोण्या, खताच्या पिशव्या नाहीतर विहिरीतून काढलेली जळकी मोटार. माझ्या पिकअपला मी कॅम्पर म्हणतो तेव्हा माणसं हौद्यावरच्या बंद पेटीकडे पाहून विचारतात, “काय भरलंय?” घर भरलंय, हे नुसतं सांगून पटत नाही. मग मी फाळका पाडतो, आत चढतो, चार कोपऱ्यांतले खटके सोडतो आणि छपराला खांदा देतो. छप्पर दोनेक फूट वर सरकतं, भोवतीचं कॅनव्हास ताणलं जातं, आणि मघाशी जिथं गुडघ्यांवर बसावं लागत होतं तिथं मी ताठ उभा राहतो. पारनेर तालुक्यात एका धनगर आजीने हे सगळं दोनदा करून दाखवायला लावलं. दुसऱ्यांदा छप्पर मिटल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, “बाबा, राती हुबं ऱ्हायला जागा कोन देतं तुला?”

तेव्हा मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. माझ्या डोक्यात बॅटरी होती, पाण्याची टाकी होती, पाट्यांची ताकद होती. पुढची तीन-चार वर्षं जिल्हाभर फिरताना कळत गेलं की आजीने पहिल्याच दिवशी मुद्द्याला हात घातला होता.

आधी छपराचं सांगतो. घर उभं राहता येईल एवढं उंच हवं आणि गाडी चालताना ठेंगणी हवी, या दोन गरजांची एकमेकींशी घातलेली ही गाठ आहे. उंच पेटी कायमची बसवली तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. आणे घाटाच्या वळणावर सगळं वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. समोरचा वारा पेटीच्या कपाळावर आपटतो आणि डिझेल जास्त लागतं. गावाच्या शिवेवरच्या वडाच्या पारंब्या आणि शेतरस्त्यावर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा यांची धास्ती वेगळीच. छप्पर मिटलं की ही सगळी भीती निम्म्यावर येते. जर्मनीत वेस्टफालिया या कंपनीने १९५१पासून फोक्सवागनच्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये डॉर्मोबाइल गाड्यांचं छप्पर एका कडेच्या बिजागरीवर उघडायचं आणि मधे पट्ट्यापट्ट्यांचं कापड फुलायचं. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर घर बसवण्याची चाल रुळली. जॉन स्टाइनबेक १९६०मध्ये आपला देश पुन्हा पाहायला निघाला तो अशाच पिकअपमधून. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव दिलं होतं, रोसिनान्ते. पिकअपला घोड्याचं नाव का द्यावंसं वाटलं असेल, हे मला पुढे धनगरांच्या वाड्यावर समजलं.

माझी पेटी नगरमधल्या एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराने बांधली. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, मधे फोम, आणि छपराला उचलून धरणारे चार गॅसचे दांडे. नगरकरांना चित्रविचित्र गाड्यांचं नवल नाही. लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई इथलीच, रणगाडा दळाचं प्रशिक्षण केंद्र इथलंच, रणगाड्यांचं संग्रहालयही इथंच. तरी आमच्या कामात दोन अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. एक वजनाची आणि दुसरी कायद्याची.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साठ लिटरची टाकी भरली की एक माणूस वाढला. बॅटरी, गॅसची छोटी टाकी, गादी, भांडी, अवजारं, स्टेपनी असं करत करत पाटे बसू लागतात. मी पहिल्या फेरीला निघालो तेव्हा सहा पातेली होती, आता दोन आहेत. कायद्याचं असं, की मोटार वाहन कायदा १९८८मधल्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. राहण्याच्या गाडीसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, ते मोठ्या, कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांसाठी सोयीचं. म्हणून माझी पेटी चासीला जोडलेली नाही. चार टर्नबकलनी ती हौद्याला आवळलेली आहे, आणि चार माणसं मिळाली की उतरवून ओट्यावर ठेवता येते. कुणी असं घर करणार असेल तर माझं सांगणं एवढंच, की वेल्डिंगचा पहिला टाका पडण्याआधी आरटीओत जाऊन बोलावं. टाका पडल्यावर गेलं तर फार उशीर झालेला असतो.

पहिला पावसाळा वाईट गेला. जून संपत आला होता आणि मी भंडारदऱ्याच्या वर, घाटघरच्या रस्त्याला होतो. छपराच्या आणि कॅनव्हासच्या सांध्यात मी हट्टाने कमी पट्टी लावून घेतली होती, वजन वाचावं म्हणून. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथं पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जामखेड-कर्जतकडे पाच-सहाशेवर समाधान मानावं लागतं. घाटघरचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. रात्री दोन वाजता गादीचा कोपरा ओला झाला आणि पहाटेपर्यंत मी परातीत पाणी धरत बसलो. छपराच्या आतल्या बाजूलाही थेंब लोंबत होते. ते बाहेरचे नव्हते, माझ्याच श्वासाचे होते. बंद पेटीत दोन माणसं झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमते. तेव्हापासून कितीही वारा असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवतो, आणि वाऱ्याकडे गाडीचं तोंड करून थांबतो, कारण केबिनच्या आडोशाने कॅनव्हास फडफडत नाही.

अकोले तालुका हा या गाडीचा खरा मुलूख. खाली प्रवरेवरचं भंडारदरा धरण, १९१०मध्ये सुरू होऊन १९२६मध्ये पुरं झालेलं. मागे रतनवाडी आणि अमृतेश्वराचं देऊळ, पुढे साम्रद आणि सांधण दरी, उत्तरेला १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर, दक्षिणेला पाचनईवरून वर चढणारा हरिश्चंद्रगड. यातला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथं मनात येईल तिथं गाडी लावून छप्पर उघडायचं नसतं. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं. नंतर जी सोय सापडली ती कुठल्याही रानातल्या एकांतापेक्षा चांगली निघाली: गावात जायचं, महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाच्या खळ्यात उभं राहायची परवानगी मागायची, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे घ्यायचं आणि पैसे मोजून द्यायचे. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, आणि दादांचा पहिला प्रश्न, “छप्पर वाऱ्यात टिकतं का?” साम्रदच्या खळ्यात वाऱ्याची दिशा मला हवामानाच्या ॲपपेक्षा त्यांच्या कुडाच्या भिंतीने अधिक खरी सांगितली आहे. भिंतीला जिकडून पेंढा लावलेला असतो, पाऊस तिकडून येतो.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत इथं काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी अख्खी झाडं एका लयीत लुकलुकतात. हा काजव्यांचा जोडीदार शोधण्याचा काळ असतो; नर उडत उडत प्रकाशाची खूण करतो आणि मादी उत्तर देते. त्या संभाषणात मोटारीचे हेडलाइट घुसले की ते थांबतं. शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या रिंगरोडवर गाड्यांची रांग लागते, आणि झाडाखाली उभं राहून झाडावर विजेरी मारणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. आमच्यासारख्या घर घेऊन येणाऱ्यांनी तर दिवस मावळायच्या आत मुक्कामावर पोहोचून सगळे दिवे मालवावेत. खिडकीच्या कॅनव्हासमधून झिरपणारा पिवळा उजेडसुद्धा बाहेर बराच लांब जातो.

आता त्या आजीकडे येतो.

दिवाळी झाली की ढवळपुरी आणि आसपासच्या पारनेर तालुक्यातल्या गावांतून धनगरांचे वाडे निघतात. वाडा म्हणजे वास्तू नव्हे. चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या, हे सगळं मिळून वाडा. टाकळी ढोकेश्वर, आणे, आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून मुरबाडच्या बाजूला कोकणात, आणि पावसाच्या आधी परत. पावसाळ्यात कोकणात थांबता येत नाही, कारण दख्खनी मेंढी कोरड्या मुलखाची. ओल्यात तिचे खूर सडतात. उन्हाळ्यात पारनेरात थांबता येत नाही, कारण चारा नसतो. म्हणून वर्षाची दोन टोकं पायांनी जोडायची.

बिऱ्हाड घोडीवर असतं. धान्याची पोती, भांडी, पालाचं कापड, घोंगड्या, मेंढरांभोवती रात्री लावायची वाघरीची जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि वाटेत जन्मलेली कोकरं. भार दोन्ही अंगांना सारखा नसला तर घोडीची पाठ सोलवटते. म्हणून बायका लादताना एकेक वस्तू हातात तोलून पाहतात, आणि जी वस्तू महिनाभरात लागली नाही ती पुढच्या फेरीला घरी राहते. सहा पातेल्यांची दोन करायला मला दोन वर्षं लागली. हे गणित त्या घरात मुली आईच्या हाताखाली शिकतात. पुरुष मेंढरं घेऊन आडरानाने जातात, बायका घोड्या घेऊन रस्त्याने पुढे जाऊन मुक्काम मांडतात. दुपारी तीनच्या सुमाराला मी एका वाड्याचं पाल उभं राहताना घड्याळ लावून पाहिलं. माझं छप्पर, खिडक्या, शेगडी, पाणी हे सगळं लागून चहा उकळेपर्यंत त्या घरची चूल पेटून पहिली भाकरी तव्यावर गेली होती.

मुक्कामाची जागा मात्र आदल्या दिवशीच ठरलेली असते. वाड्यातला एखादा कारभारी पुढे जाऊन शेतकऱ्याशी बोलून येतो. मेंढरं शेतात बसवायची, दोन रात्री की चार, आणि त्याच्या बदल्यात धान्य किती की पैसे किती. रात्रभर बसलेल्या मेंढरांची लेंडी आणि मूत जमिनीला मिळतं. शेतकऱ्याला खत, मेंढरांना निवारा, माणसांना भूमी. पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही आणि यजमान उपकार करत नाही. आजीचा प्रश्न या व्यवहारातून आलेला होता. जागा कोण देतं, याचा अर्थ तू जागेला काय देतोस, असा होता.

अलीकडे हा व्यवहार अवघड होत चालला आहे. बागायत वाढली, फळबागांना कुंपणं लागली, गायरानं आक्रसली, वनखात्याची रोपवनं बंद असतात, आणि रात्रीच्या महामार्गावर ट्रकखाली मेंढरं चिरडतात. २०२४मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळालं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगराच्या घरातला. त्यांच्या जिल्ह्यात मेंढपाळाला रात्रीपुरती जागा मागताना आजही दहा उंबरे झिजवावे लागतात, हे मला बोचतं.

दुसरं फिरतं घर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून निघतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. याच जिल्ह्यात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात गाळपाला लागला. नगरच्या उत्तरेतल्या समृद्धीची सुरुवात तिथं आहे, आणि दक्षिण-पूर्वेतल्या दुष्काळी गावांच्या स्थलांतराचा एक रस्ताही तिकडेच जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, चटया, ताडपत्री, पेटी, ज्वारीचं पोतं, शेळी आणि पोरं. कारखान्याच्या अड्ड्यावर बांबू वाकवून त्यावर चटई आणि पाचट टाकली की कोपी तयार होते. आत ताठ उभं राहता येतं ते फक्त मधोमध. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, तेच घर.

एका जानेवारीत मी अशा अड्ड्याजवळ मुक्काम केला. पहाटे तीनला कोप्यांत चुली पेटल्या, चारला बैल जुंपले, आणि साडेचारला फडाकडे निघालेल्या गाड्यांखालचे कंदील माझ्या खिडकीतून दिसत होते. माझ्या पेटीत घडीचं शौचालय आहे. तिकडे दीडशे कोप्यांमागे एकही नव्हतं. बायका अंधार असेपर्यंतच बाहेर जातात, म्हणून दिवसा पाणी कमी पितात. त्यांच्यापैकी एक ताई माझी गाडी पाहायला आली. तिने गादी पाहिली नाही, शेगडी पाहिली नाही. दाराची आतली कडी दोनदा लावून पाहिली. कोपीला कडी नसते.

राज्य सरकारने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फिरत्या घरांसाठी थांबण्याच्या जागा असाव्यात, तिथं पाणी, वीज, स्वच्छतागृहं, सांडपाण्याची व्यवस्था असावी, असा त्याचा आशय आहे. त्या धोरणाचा मला फायदाच आहे आणि ते मला हवंच आहे. पण त्या सोयींची यादी मी वाचली तेव्हा डोळ्यांपुढे तो अड्डा होता. पाणी, वीज, स्वच्छतागृह, सांडपाणी. नेमकं हेच तिथं हवं होतं, तेही दोन रात्रींसाठी नव्हे, पाच महिन्यांसाठी. ज्या खात्याने माझ्या थांब्याचा विचार केला त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने याच कागदाची एक प्रत मागून घ्यावी, इतकं हे सोपं आहे.

घर पाठीवर घेऊन फिरणं या देशात एके काळी संशयाचं कारण होतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. कुठं थांबणार, कधी निघणार, याची हजेरी पोलिसांकडे. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का मात्र गावकऱ्यांच्या नजरेत राहिला. पाथर्डी तालुक्यातलं मढी, कानिफनाथांचं स्थान, भटक्यांची पंढरी म्हणून ओळखलं जातं. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथं यात्रा असते आणि रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी गाढवं ऐटीत उभी असतात, घेणारा दात पाहतो, पाठ दाबून पाहतो, चालवून पाहतो. मी पिकअप घेताना पाटे आणि टायर तसेच पाहिले होते. गडाच्या पायथ्याला मी छप्पर उघडलं तेव्हा भोवती शेकडो पालं होती आणि कुणीही मला काय भरलंय असं विचारलं नाही. शेजारच्या पालातल्या मामांनी मात्र एक चूक दाखवली: गाडी उताराला आडवी लावली होती. डोकं वरच्या अंगाला येईल अशी लाव, म्हणाले, आणि दगडाची उटी स्वतः आणून चाकाला लावली.

नगरच्या मातीला हे सारं जुनंच आहे. औरंगजेबाची छावणी म्हणजे तंबूंचं चालतं शहर होतं, आणि बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत, एक मुक्कामात आणि दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच रवाना. ते शहर भिंगारला येऊन थांबलं आणि तिथंच ३ मार्च १७०७ रोजी बादशहा वारला. आषाढीच्या वारीला निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नगरवरून पंढरपूरकडे जाते, तेव्हा दिंड्यांचे ट्रकही तेच करतात. तंबू, पातेली, पाण्याची टाकी घेऊन ते पुढे जातात, आणि वारकरी पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. बादशहाला ज्यासाठी हत्ती लागायचे ते दिंडी एका ट्रकमध्ये बसवते. फरक असा की बादशहाची छावणी जिथं पडे तिथलं शिवार उजाड होई. पालखीच्या वाटेवरचं गाव वाट पाहत असतं.

गेल्या दिवाळीनंतर मी पुन्हा टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे, आजी भेटली होती त्याच शिवारात गेलो. यावेळी आदल्या दिवशी मोटारसायकलवरून जाऊन शेतमालकांना विचारून आलो होतो. ते म्हणाले, “वाडा बसणाराय दोन रात्री. त्यांच्या वरच्या अंगाला लावा, घोड्यांना गाडीचा वास चालत नाही.” आजी होती. मी जागा विचारून आल्याचं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि काही बोलली नाही. रात्री कुत्री दोनदा तरसामागे धावली. थंडी होती. वाघरीच्या आत मेंढरं एकमेकींना चिकटून बसली होती आणि त्यांच्या अंगाची ऊब वीस पावलांवर जाणवत होती.

सकाळी सातला पालं उतरली, घोड्या लादून झाल्या, चुलीचे तीन दगड बांधाला लागले. मी छप्पर मिटून खटके लावत होतो तेव्हा मालक शेतातून फिरत आले. मेंढरं बसली होती तिथं पायाच्या अंगठ्याने माती उकरून त्यांनी लेंडी किती पडली ते पाहिलं. मग माझ्या गाडीपाशी आले. रात्री पाटाचं पाणी झिरपून जमीन ओली झाली होती आणि मागची चाकं वीतभर रुतून दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या.

“फावडं आहे का?” त्यांनी विचारलं.

होतं. गाडी बांधावर काढून मी चाकोऱ्या मोकळ्या करायला लागलो. दाबलेली काळी माती चिवट असते, ढेकूळ फोडून पसरावं लागतं. आठ वाजले तरी एक चाकोरी व्हायची होती, आणि आजीची घोडी तोवर आण्याच्या रस्त्याला लागली होती.